पायघड्यांचा मान

परवा बंगळूरहून भाच्याचा फोन आला. "मामा, आषाढीच्या आधी मुलींना घेऊन येतोय. त्यांना वारी दाखवायची आहे. चालणं काही आमच्याच्यानं व्हायचं नाही. दोन-तीन दिवस गाडीनं फिरून वाटेवर काय काय बघता येईल, ते तू लिहून ठेव."

असलं काम सांगितलं की आम्हा मास्तर लोकांना चेव येतो. पाठकोरा कागद घेतला आणि तुकोबांच्या पालखीच्या वाटेवरची ठिकाणं क्रमानं लिहायला लागलो. अनगडशहा बाबांचा दर्गा, आकुर्डी, यवतचं पिठलं-भाकरी, रोटीचा घाट, काटेवाडी... काटेवाडीपाशी पेन थांबलं. तिथं मेंढ्यांचं रिंगण होतं आणि धोतरांच्या पायघड्या घालतात, एवढं लिहिलं की काम झालं असतं. पण त्या पायघड्यांपायी एका विद्यार्थ्याचं मी देणं लागतो, जवळजवळ चाळीस वर्षांपासून. ते आज इथे लिहून टाकतो. यादी काय, फोनवरही सांगता येईल.

आधी आमच्या गावाबद्दल थोडं, कारण पुण्यामुंबईच्या नातलगांचाही यात घोटाळा होतो. देहूरोड म्हणजे देहू नव्हे. देहू इंद्रायणीकाठी, तुकोबांचं. देहूरोड हे त्या देहूला जायचा रस्ता जिथे फुटतो तिथलं रेल्वे स्टेशन आणि त्याभोवती वाढलेली वस्ती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे लष्कराचा मोठा डेपो झाला आणि कामाला माणसं आली ती साऱ्या हिंदुस्थानातून. माझ्या वर्गात तमिळ, तेलुगू, मल्याळी, पंजाबी आडनावांची पोरं असत आणि ती माझ्यापेक्षा चांगलं 'च्यायला' म्हणत. डोंगराकडे पाहिलं की घोरावडेश्वर दिसतो. तिथली लेणी मुळात बौद्धांची. पुढे त्यात महादेवाची पिंड आली, तुकोबा तिथे चिंतनाला बसत असं सांगतात, आणि महाशिवरात्रीला सारा मावळ तो डोंगर चढतो. असं हे आमचं मिसळीचं गाव. पालखी देहूहून आकुर्डीला जाते ती आमच्या दारावरून.

पालखीचा हा सोहळा सुरू केला तो तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी, शके १६०७ मध्ये म्हणजे इ. स. १६८५ला. वारी त्याच्या कितीतरी आधीची, तुकोबांच्या घराण्यात ती पिढीजात होती. नारायण महाराजांनी काय केलं, तर तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या, त्या आळंदीला नेल्या, ज्ञानोबांच्या पादुका बरोबर घेतल्या आणि दोघांच्या नावाचा गजर करत पंढरपूर गाठलं. दीडशे वर्षांच्या आसपास हे असं एकत्र चाललं. मग मानपानावरून वाद झाले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीची पालखी वेगळी काढली. साताऱ्याकडच्या आरफळचा, शिंद्यांच्या पदरी राहिलेला हा माणूस. त्यानं त्या सोहळ्याला लष्करी शिस्त लावली. आज दोन पालख्या पुण्यात भेटतात आणि हडपसरला वेगळ्या होतात. एक दिवेघाट चढून सासवडला जाते, आपली तुकोबांची सोलापूर रस्त्यानं लोणीला.

मानपानाचा वाद असं म्हटलं की आपण नाक मुरडतो. संतांच्या पालखीत कसले मान? पण वाटेवरचे जे सोहळे बघायला लोक येतात, ते सगळे मानाचेच आहेत. मान म्हणजे नुसता हारतुरा नव्हे. अमुक ठिकाणी अमुक गोष्ट अमक्यांनी करायची, दुसऱ्यानं नाही, हा हक्क. रथाला कुणाची बैलजोडी, वीणा कुणाच्या गळ्यात, रथापुढे किती दिंड्या आणि मागे किती, नैवेद्य कुणाचा. हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असतं किंवा दरवर्षी ठरवलं जातं. सगळा सोहळा या धाग्यांनी विणलेला आहे. एवढी लाखांची गर्दी दरसाल तीच वाट चालते आणि फारसा गोंधळ होत नाही, याचं अर्धं कारण तेच.

आणि यातला पहिला मान बघा कुणाचा आहे! पालखी देहूतून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते. पहिला मुक्काम गावातच, इनामदार वाड्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेर पडली की थोड्याच अंतरावर थांबते ती एका दर्ग्यापाशी. अनगडशहा फकिराच्या. तिथे अभंग होतो, आरती होते, मग पुढची वाट. महिपतींनी अठराव्या शतकात या फकिराची गोष्ट लिहून ठेवली आहे. तुकोबांना छळणारे रामेश्वरभट्ट त्याच्या बागेतल्या पाण्यात उतरले, त्याचा शाप लागून त्यांच्या अंगाचा दाह सुरू झाला आणि तो शेवटी तुकोबांच्या अभंगानं शमला. पुढे फकीर स्वतः तुकोबांची परीक्षा घ्यायला आला आणि मित्र होऊन राहिला. गोष्टीतला इतिहास किती आणि भक्ती किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण आरती दरवर्षी होते, ती काही गोष्ट नाही. आमच्या शाळेतली मुसलमान मुलं त्या दिवशी छाती काढून चालायची.

यवतचंही तसंच. लोणीहून पालखी यवतला येते त्या दिवशी गाव चुलीवर असतं. घरोघरी भाकऱ्या थापल्या जातात, देवळाजवळ मोठमोठ्या कढयांत पिठलं शिजतं. दुसरीकडे वारकऱ्यांना पुरणपोळी, लाडू, काय काय देतात. यवतनं पिठलं-भाकरी धरली ती सोडली नाही. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच आषाढात मी यवतपर्यंत चाललो होतो. पायाला फोड आलेले, पावसानं धोतराचा काष्टा जड झालेला, आणि त्यात ते गरम पिठलं... असो. डॉक्टरांनी आता बेसन बंद केलंय.

आता मुद्द्याला येतो. साल बहुधा १९८६. आठवीचा वर्ग, आषाढाचे दिवस. मी मराठी शिकवताना वारीवर घसरलो आणि रंगात आलो. वारीत जात नाही, पात नाही, सगळे एकमेकांच्या पाया पडतात, फकिराच्या दारात आरती होते, परीट पायघड्या घालतात, धनगर मेंढ्या पळवतात, अठरापगड समाज एका वाटेनं जातो वगैरे वगैरे. हे भाषण माझं पाठ होतं. दरवर्षी देत असे आणि दरवर्षी मलाच भरून येत असे.

तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. अक्षर सुंदर, गणितात बेताचा. म्हणाला, "सर, जात नाही ना? मग पायघड्या परिटांनीच का घालायच्या? तुम्ही का नाही घालत?"

वर्ग हसला. मी म्हणालो, "बस खाली. नसत्या शंका काढू नकोस." तो बसला. वर्षभर पुन्हा काही विचारलं नाही त्यानं.

त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं, हे खरं. पण त्याहून वाईट म्हणजे तो मुलगा कुठून येतो याचा मी विचारच केला नव्हता. तो बुद्धविहाराजवळच्या वस्तीतला. आमच्या देहूरोडला हा विहार आहे, आणि तो साधासुधा नाही. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षं आधी! त्याच महिन्यात ते ब्रह्मदेशात जागतिक बौद्ध परिषदेला जाऊन आले होते, आणि इथली मूर्ती रंगूनहून आलेली. त्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पंढरपूरचा विठोबा ही मुळात बुद्धाची मूर्ती आहे, आणि आपण यावर प्रबंध लिहिणार आहोत. तो लिहून व्हायचा राहिला, दोनच वर्षांनी ते गेले. दरवर्षी २५ डिसेंबरला इथे लांबून लांबून लोक येतात. आमच्या गावचे मोठे सण मोजायचे तर पालखीइतकाच हा.

मी मराठीचा बी. ए. 'मूकनायक'च्या अंकावर शिरोभागी तुकोबांचा अभंग असे, हे मला नोकरीत वीस वर्षं काढल्यावर कळलं. १९२०मध्ये बाबासाहेबांनी पहिलं पत्र काढलं तेव्हा शब्द घेतले ते तुकोबांचे. आणि चौतीस वर्षांनी त्याच तुकोबांच्या गावाच्या वाटेवर येऊन सांगितलं की विठ्ठल कोण ते पुन्हा तपासा. या दोन तारखांच्या मधल्या काळाबद्दल माझ्या त्या भाषणात एक वाक्य नव्हतं.

मधल्या काळात काय होतं? पंढरपूरच्या देवळाचं दार बंद होतं. चोखोबांची समाधी नामदेव पायरीशी, बाहेर. वाट सगळ्यांना मोकळी, पण वाटेच्या शेवटी उंबरठा होता आणि तो सगळ्यांचा नव्हता. मे १९४७मध्ये साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा तो ओलांडता आला. म्हणजे पालखी सुरू होऊन अडीचशेच्या वर वर्षं झाल्यावर. वाटेवरही सगळं आलबेल नव्हतंच. इरावती कर्वे दिंडीबरोबर चालल्या होत्या, 'परिपूर्ती'तल्या 'वाटचाल' या लेखात त्यांनी ते लिहिलं आहे. एकाच दिंडीत ब्राह्मणांची आणि मराठ्यांची पंगत वेगळी बसते, हे पाहून त्यांचा जीव कसा तुटला ते त्यात आहे. तो लेख मी वाचलेला होता! वर्गात सांगताना सोयीस्करपणे गाळत होतो.

पायघड्यांचं मूळही तसं गावगाड्यात आहे. त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' हे १९१५चं पुस्तक ज्यांनी चाळलंय त्यांना बलुतेदारी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. परीट हा बलुतेदार. गावाचे कपडे धुवायचे, आणि लग्नकार्यात नवरानवरीच्या पायाखाली पायघड्या घालायच्या हे त्याचं काम. त्याबद्दल त्याला हक्काचं मिळे. गावात देव आला तर पायघड्या त्यानंच घालायच्या, हे त्यातूनच ओघानं आलं असणार. काम आणि मान हे एकाच नाण्याला... जाऊ द्या, नाणं वगैरे नको. काम होतं म्हणून मान होता, एवढं खरं.

आणि याच गावगाड्यात महारांनाही मान होते. होळीत, पोळ्यात, गावच्या जत्रेत. त्याच्या जोडीला येसकरकी होती, सांगावे पोचवणं होतं, मेलेलं जनावर ओढणं होतं. १९२७पासून बाबासाहेब सांगत होते, ही कामं सोडा, वतन सोडा. पुढे १९५८च्या कायद्यानं ही वतनंच गेली. कामं टाकली तेव्हा मानही टाकले, कारण दोन्ही एकाच गाठीत होते. ज्या मुलाच्या घरानं आपला मान असा उचलून टाकला, त्यानं मला विचारलं होतं की बाकीच्यांनी तो का धरून ठेवलाय. आणि मी त्याला बस खाली म्हणालो.

त्याची गाठ पुन्हा पडली ती २५ डिसेंबर २०१९ला, विहारापाशीच. निवृत्तीनंतर मी त्या दिवशी तिकडे एक चक्कर मारतो. पुस्तकांचे स्टॉल छान असतात. मागून कुणीतरी "सर" म्हणालं. कानाजवळचे केस पांढरे झालेले, पण अक्षरासारखाच नीटनेटका. चाकणला एका कारखान्यात सुपरवायझर आहे म्हणाला, मुलगी इंजिनीअर झाली. मी धीर करून तो वर्गातला प्रसंग काढला. त्याला आठवत नसेल अशी माझी आशा होती.

"आठवतंय की," तो म्हणाला. "घरी जाऊन आजोबांना सांगितलं होतं. ते चौपन्न साली त्या सभेला होते. ते म्हणाले, मास्तर वाईट नाही, त्याला कुणी विचारलं नसंल."

मी काय बोलणार? त्याच्या आजोबांनी मला न पाहताच ओळखलं होतं. मग मीच विचारलं, पालखी येते तेव्हा तू काय करतोस? म्हणाला, "हायवेला आमच्या पोरांचा चहाबिस्किटांचा स्टॉल असतो. सकाळपासून मीही असतो. पण सर, पायघड्या नाही घालत."

ते त्यानं हसत सांगितलं. मीही हसलो. पण घरी येताना ठरवलं की काटेवाडीला जायचं, आणि ज्यांच्याबद्दल मी एवढं बोलत आलो त्यांनाच विचारायचं.

नेमका मग करोना आला. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, वाट मोकळी राहिली. २०२२ला पालखी पुन्हा चालायला लागली, तेव्हा मी आदल्या दिवशी बारामती गाठली. एका जुन्या सहकाऱ्याकडे उतरलो. सकाळी जीपनं काटेवाडीला सोडलं त्यानं.

पालखी यायच्या आधी तासभर गावाच्या रस्त्यावर लगबग असते. पांढरीशुभ्र धोतरं घड्या घालून तयार, कडेला परीट मंडळी, बायका आरत्या घेऊन. पालखी दिसली की धोतरं पसरायला सुरुवात होते. मागचं धोतर मोकळं झालं की उचलून पळत पुढे न्यायचं. पादुका त्यावरून जातात. त्या कापडावर चिखलाच्या पावलांचा ठसा उमटतो आणि तो कुणी झटकत नाही. सोहळा म्हणून तो डोळ्यांत मावत नाही हे मान्य. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. पण मी त्याच्यासाठी आलो नव्हतो.

पालखी विसाव्याला गेल्यावर एक माझ्याच वयाचे गृहस्थ धोतरांच्या घड्या घालत बसले होते. त्यांच्या शेजारी बसलो, पाणी दिलं, ओळख सांगितली. बारामतीत त्यांची लॉन्ड्री. "दोन वर्षं धोतरं कपाटात होती बघा गुरुजी," म्हणाले. "घरात माणूस जावं तसं वाटायचं आषाढात."

विचारलं, तुम्हीच का घालायच्या? दुसऱ्या कुणी घातल्या तर?

घडी घालायचे थांबले. "का घालाव्या दुसऱ्यानं?" मग जरा वेळानं म्हणाले, "वर्षभर लोकांचे कपडे धुतो, इस्त्री करतो. कुणी पाहुणा समजून घरात बसवत नाही त्यासाठी. कपडे दारात घेतात. या एका दिवशी सगळं गाव आमची वाट बघतं. हा दिवस कुणाला द्यायचा आम्ही?"

"आणि पोरं?"

"पोरगा पुण्यात कंपनीत आहे. येतो. फोटू काढतो."

मी परत निघालो तेव्हा दोन उत्तरं खिशात होती आणि ती एकमेकांना पटत नव्हती. एकानं मान टाकला म्हणून ताठ उभा राहिला. दुसरा त्याच मानाच्या आधारानं वर्षातला एक दिवस ताठ उभा राहतो. या दोघांपैकी कुणाला मी चूक म्हणू? मला तर त्या पायघड्या घालायचीही वेळ आली नाही, आणि टाकायचीही.

त्याच दिवशी मेंढ्यांचं रिंगणही पाहिलं. धनगर आपली मेंढरं घेऊन येतात आणि पालखीभोवती पळवतात. धुळीचा लोट, घुंगरं, 'पुंडलिक वरदे'चा गजर, आणि मध्ये पालखी. मेंढरांवर रोगराई येऊ नये म्हणून, असं धनगर मंडळी सांगतात. इथे मला डॉ. रा. चिं. ढेरे आठवले. १९८४च्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात त्यांनी मांडलं आहे की विठ्ठल हा मुळात धनगर-गवळ्यांचा देव. पट्टणकोडोलीला आजही विठ्ठल-बिरदेवाची जोडी धनगरांच्या यात्रेत एकत्र पुजली जाते. ढेऱ्यांचं मानलं तर त्या मेंढरांकडे बघायची नजरच बदलते. मी वर्गात सांगत होतो की वारीनं धनगरांनाही सामावून घेतलं. धनगरांच्या बाजूनं बघितलं तर त्यांच्या देवाच्या वाटेवर आपण सगळे मागाहून आलेले पाहुणे! बाबासाहेब म्हणत बुद्ध, ढेरे म्हणतात गोपालकांचा देव, वारकरी म्हणतो माउली. देव विटेवर उभा आहे, त्याला कुणी विचारत नाही.

दारावरचे मानही बदलले, हे जाताजाता सांगायला हवं. पंढरपूरच्या देवळावरचे बडवे-उत्पातांचे पिढीजात हक्क १९७३च्या कायद्यानं काढले, खटला चालत राहिला आणि जानेवारी २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो संपला. त्यानंतर मंदिर समितीनं सगळ्या जातींतून, बायकांनाही अर्ज करता येईल असे पुजारी नेमायला घेतले. म्हणजे देवळातला वारसाहक्काचा मान कायद्यानं गेला. वाटेवरचे मान मात्र कुणी कोर्टात नेले नाहीत. पालखी मार्गाचं आता रुंद राष्ट्रीय महामार्गात रूपांतर झालं, त्यावर गाड्या शंभरानं पळतात, पण त्या दिवशी त्या डांबरावर धोतरं पसरतात.

काटेवाडीहून परतल्यावर त्या विद्यार्थ्याला फोन करून सगळं सांगितलं. लॉन्ड्रीवाल्यांचं बोलणं ऐकून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, त्यांना दारात उभं करतात, हे आधी बदलायला पाहिजे. मग पायघड्यांचं बघू." पुढच्या वर्षी पालखीच्या दिवशी सकाळी त्याच्या स्टॉलवर गेलो. त्यानं माझ्या हातात किटली दिली. दोन तास ओतली. आता खांदा साथ देत नाही, तर बिस्किटांचे पुडे फोडायला बसवतात.

हां, भाच्याची यादी राहिली. तर बाळा, पहिल्या दिवशी इकडेच ये, दर्ग्यापाशी सकाळची आरती बघ आणि मग हायवेला आमच्या स्टॉलवर चहा घे. मुलींना म्हणावं, आजोबा पुडे फोडतायत ते बघायला या. मग चार-पाच दिवसांनी यवत, संध्याकाळी जा, पिठलं खाऊनच ये. गोल रिंगण बघायचं तर बेलवडीचं पहिलं. पताकावाले धावतात, तुळशी घेतलेल्या बायका धावतात, वीणेकरी धावतात आणि शेवटी घोडा. घोडा गेला की लोक टापांखालची माती कपाळाला लावायला झेपावतात, तेव्हा मुलींचा हात सोडू नकोस. सराटीला नीरेत पादुकांना स्नान घालतात, तेही बघण्यासारखं. पलीकडे गेलं की सोलापूर जिल्हा लागतो आणि अकलूजला पुन्हा रिंगण. तिथवर जमलं तर उत्तम, नाही तर नाही.

काटेवाडी चुकवू नकोस. बारामतीहून सकाळी लवकर नीघ, पुढे गाडी सोडत नाहीत. धोतरांच्या कडेला उभं राहायचं, त्यांवर पाय द्यायचा नाही. थोरली विचारणारच की हे काका लोकच का घालतात. तिला उत्तर देऊ नकोस, त्यांच्याकडेच पाठव. आणि मेंढ्या आल्या की भिंतीला लागून राहा, त्या कुणाचं ऐकत नाहीत.